नावापुढची अर्धी ओळ

मंजुश्रीबाईंनी फोन टेबलावर ठेवला आणि काचेवर बोट टेकवलं.

“हे काऊन तोडलं व पोरी?”

त्यांच्या लेकीच्या लग्नाची पत्रिका होती. छापील नव्हे, फोनवर उघडणारी. फिजानं चिखलीतल्या आपल्या छोट्या दुकानात बसून केलेली. ओळीच्या टोकाला ‘अनु’ राहिलं होतं, मग एक आडवी रेघ, आणि ‘पमा’ खालच्या ओळीत.

“तुमच्या फोनवर अक्षरं मोठी हायेत, काकू. शब्द ओळीत मावला नाही का फोन आपल्या मनानंच तोडते.”

“फोनचं मन फोनपाशी. लग्नाच्या कामात नाव मोडू नाही.”

फिजा कॉम्प्युटरकडे वळली. दुपारची वेळ, पंखा आळसावून फिरत होता. बाजारात चाललेल्या गाड्यांवरच्या कापसाचे तंतू सुटून खिडकीतून आत येत होते आणि उन्हात तरंगत होते. त्यातला एक मंजुश्रीबाईंच्या खांद्यावर बसला. त्यांनी तो झटकला नाही. लहानगी अनुपमा अशाच उन्हात भाजीच्या टोपलीआड झोपायची, आणि त्या मेथी-कोथिंबिरीच्या जुड्या विकत बसायच्या. ते सगळं अजून इथंच कुठं शेजारी चालू आहे, असं त्यांना वाटत होतं.

फिजानं शब्द तोडायची सूचना बंद केली आणि पान पुन्हा उघडलं. अनुपमा अख्खीच्या अख्खी खाली उतरली. तिच्यापुढं अर्धी ओळ रिकामी राहिली.

मंजुश्रीबाई त्या जागेकडे बघतच राहिल्या. त्याखाली त्यांच्या दिरांनी, शेषरावांनी, सांगितलेली नावं होती. अनुपमाचे वडील कैलासवासी महादेवराव, मग काका, मग चुलत भाऊ.

“काकू, तुमचं नाव कुठी हाय?”

“विधवेचं नाव टाकत नाही पत्रिकेत. आमच्यात तसंच हाय.” त्यांनी उगाच पदर सारखा केला. “हे गेले तवा पोरगी पाळण्यात होती. सारं म्याच केलं. लय वाईट वाटते व, पण कोणाले सांगू?”

फिजानं पान सरकवून पुन्हा अनुपमाच्या नावाशी आणलं. बाहेर कुणीतरी हॉर्न वाजवून गेलं.

“त्या जागेत काही बसते का?” बाईंनी हळूच विचारलं.

“काय टाकू?”

“मंजुश्रीची लेक.”

बोलून त्या स्वतःच दचकल्या. फिजानं लिहिलं. बाईंनी ओठ हलवत वाचलं, मग पुन्हा वाचलं, आणि त्यांचे डोळे भरून आले.

“शेषरावकाका रागावतीन ना?” फिजा म्हणाली. “म्हणसान तर काढून टाकते.”

“रागावतीन. त्यायच्या नाकावरच असते राग.” त्यांनी फोन उचलून हातात घट्ट धरला. “नको काढू. कुठी दाबा लागते ते दाखव. भाऊजीले पयले मीच धाडते.”