क्षारमहाराजांची फुंकर

शिवणकारखान्याच्या जेवणघरात बाकं बारा, माणसं चौसष्ट, पंखे दोन (फिरणारा एक) आणि टेबलावर निळ्या पाण्याचे पेले सहा: पुढे तीन, मागे तीन. टेबलामागे क्षारमहाराज. एकच, पण चौघांची जागा अडवून.

“रक्तात आंबट शिरलं की काय होतं? घरात भांडण! डोक्यात कोंडा! मुलाला गणितात भोपळा!” महाराज गरजले. “फुंका! पाणी पिवळं, तर रक्त आंबट!”

कटिंगमास्तरांनी पुढच्या पेल्यात नळीने फुंकलं. पाणी पिवळं पडलं, मास्तरांचा चेहराही. मग महाराजांचं ‘क्षारतीर्थ’ घोटभर पिऊन त्यांनी मागच्या पेल्यात फुंकलं. निळं ते निळंच! टाळ्यांनी पत्रे हादरले.

“बघितलंस?” शिलाईवाली आत्या सोबत आणलेल्या भाचीच्या कानाशी लागली. आत्याची मूत्रपिंडं अधू. रक्तात आम्ल हळूहळू साचायचं, म्हणून डॉक्टरांनी रोजच्या गोळ्या दिल्या होत्या. रक्तातलं, आम्लाला आवर घालणारं बायकार्बोनेट बावीसच्या वर हवं, असं बजावलंही होतं. “आजपासून गोळ्या बंद. तीर्थच घेणार मी.”

भाची रसायनशास्त्र शिकवायची. ती उठली.

“महाराज, तुम्हीच फुंका ना. शुद्ध रक्ताचा रंग आम्हालाही दिसू दे.”

“फुंका महाराज, फुंका!” भक्तच ओरडले.

महाराजांचा हात हळूच मागच्या पेल्याकडे सरकला.

“तो नको. पुढचा.”

महाराजांनी नळी तोंडात धरली, गाल फुगवले आणि श्वासच कोंडून धरला. चेहरा आधी लाल, मग जांभळा.

“अहो, सोडा की! जीव जाईल बिचाऱ्याचा!” काजं करणारी बाई किंचाळली.

फुस्सऽऽ! पाणी पिवळंधम्मक.

“आत्या, आता तू. तीर्थ न घेता, मागच्या पेल्यात.”

आत्याने फुंकलं. निळंच राहिलं.

“अगं बाई! न पिताच बरी झाले?”

“कसली बरी! श्वासातला कार्बन डायऑक्साइड विरघळला की पाणी आम्लधर्मी होतं आणि त्यातला रंग पिवळा पडतो. कुणीही फुंको. मागच्या पेल्यांत खायचा सोडा घातलाय, म्हणून तिथे रंग हलत नाही. तुझ्या गोळीतही सोडाच आहे गं! पण ती तुझ्या पोटात जाते, यांचा सोडा पेल्यातच राहतो.”

“मग आम्हीही सोडा खायचा?” मास्तरांनी विचारलं.

“मुळीच नाही. धडधाकट माणसाची फुप्फुसं आणि मूत्रपिंडं आम्लाचा तोल स्वतःच सांभाळतात. शंका आली तर रक्त तपासा.”

“आमचं तीर्थ फार सूक्ष्म आहे...” महाराज पुटपुटले.

“इतकं सूक्ष्म की नाहीच!” मास्तर म्हणाले.

“एवढंच करा,” भाची सगळ्यांना म्हणाली, “हात जोडण्याआधी एकदा पेला बदलून बघा.”

आत्याने गोळ्या चालू ठेवल्या. पुढच्या तपासणीत तिचं बायकार्बोनेट आलं तेवीस.