बाटलीतला कॅन्सर

रविवार उजाडला की वर्ध्याजवळ पिपरी मेघेच्या एका मंगल कार्यालयात म्हाताऱ्यांची रीघ लागायची. प्रत्येकाच्या हातात कापडी पिशवी, पिशवीत कोल्ड्रिंकची जुनी बाटली आणि बाटलीत स्वतःची सकाळची लघवी! घरी नातवानं अंथरूण ओलं केलं तर त्याच्या पाठीत धपाटा घालणारी ही मंडळी इथं ती बाटली दोन्ही हातांनी, मान झुकवून महाराजांपुढं ठेवत होती. धन्य ती भक्ती!

हरिदास महाराज व्यासपीठावर बसायचे. अंगात भगवी कफनी, कानाला माइक, पुढ्यात स्पिरिटचा दिवा, काचेच्या नळ्या आणि तांब्याचा कमंडलू.

"प्रोस्टेट का कॅन्सर म्हणजे काय? प्रोटीन!" महाराज गरजायचे. "डॉक्टर भी रिपोर्टमध्ये तेच लिहिते. पण डॉक्टर चाकू चालवते, आम्ही सिर्फ अग्नी! बोला, जय हो!"

नळीत लघवी ओतायची, वर कमंडलूतलं चमचाभर तीर्थ टाकायचं आणि नळी दिव्यावर धरायची. बघता बघता आत पांढऱ्या गुठळ्या धरत. "पाहा, निघून राह्यला कॅन्सर!" असं महाराज म्हणाले की लगेच टाळ्या. दर रविवारी गुठळ्या कमी होत जायच्या, आणि ज्याची नळी स्वच्छ निघाली तो बरा झाला.

त्या रविवारी बायकांच्या बाजूला बसलेली ज्योत्स्ना हे सगळं दातओठ खात पाहत होती. ती देवळीच्या शाळेत विज्ञान शिकवायची. तिचे सासरे मधुकरराव, देवळीतले सोयाबीनचे जुने व्यापारी, बाटली घेऊन रांगेत उभे होते.

उन्हाळ्यात त्यांना लघवीचा त्रास सुरू झाला. वर्ध्याच्या डॉक्टर हर्षाताईंनी रक्त तपासलं, तुकडा काढून तपासला आणि स्पष्ट सांगितलं, "प्रोस्टेटचा, म्हणजे पुरुषांच्या लघवीच्या पिशवीखालच्या ग्रंथीचा कॅन्सर आहे, जहाल जातीचा आहे, पण अजून ग्रंथीच्या आतच आहे. लवकर ऑपरेशन करून टाकू." रक्तातलं पीएसए वाढलंय, ते एक प्रोटीन असतं, असंही त्या म्हणाल्या. मधुकररावांनी तेवढाच एक शब्द धरला. सोयाबीनमध्ये प्रोटीन किती, तेल किती, याच बोलण्यात त्यांचा जन्म गेलेला. त्यांनी मनाशी हिशेब लावला, की जन्मभर सोयाबीनच्या धुळीत बसलो, तेच अंगात साचलं. महाराजांनीही नेमकं तेच सांगितल्यावर मग काय विचारता! घरातून वरण गेलं, दूध गेलं, बेसन गेलं. नुसत्या भातावर राहून त्यांच्या गालाची हाडं वर आली. ऑपरेशनची तारीख दोनदा पुढं ढकलण्यात कितीतरी महिने गेले. आणि खरं सांगायचं तर महाराजांकडं पायजम्याची नाडी सोडावी लागत नव्हती, हेही मोठंच पुण्य होतं.

"मामाजी," ज्योत्स्नानं घरी हर तऱ्हेनं सांगून पाहिलं होतं, "डाळीतलं प्रोटीन पोटात पचून जाते. पीएसए तुमच्या ग्रंथीतल्या पेशीच बनवतात. ग्रंथी बिघडली की ते रक्तात जास्त उतरते. ते खूण हाय, आजार नाई."

"मंग आजार काय हाय?"

"पेशीत दुसरी प्रोटीनं असतात. पुरुषाच्या अंगातलं हार्मोन त्यातल्या एकाला चिकटते, की ते पेशीले वाढ म्हणून हुकूम देते. थांब म्हणणारी प्रोटीनंही असतात. ती बिघडली की पेशी वाढतच सुटते. वरण सोडून ते थांबणार हाय का?"

"तू शाळेत शिकव, बाई. मी डोयानं पाह्यलं, मागच्या रविवारी माही नळी अर्धी साफ होती!"

आता डोळ्यांनी पाहिलेल्याला उत्तर काय द्यायचं? ज्योत्स्नानं ते उत्तर त्या रविवारी सकाळी सासूच्या, मंदाबाईंच्या, हातात एक बाटली देऊन तयार केलं. मंदाबाई आधी लाजल्या. "अवं, माही? देवासारख्या माणसापुढं?" मग त्यांनी नवऱ्याच्या गालफडांकडं पाहिलं आणि निमूटपणे न्हाणीत गेल्या. सासऱ्यांच्या पिशवीतली बाटली ज्योत्स्नानं गुपचूप बदलली.

मधुकररावांचा नंबर आला तशा मंदाबाई सुनेनं पढवल्याप्रमाणे उठून म्हणाल्या, "महाराज, यायनं काल झुणका खाल्ला!"

"मी? झुणका?" मधुकरराव चमकले. पण महाराज तोवर रंगात आले होते. चमचाभर नव्हे, चांगलं पळीभर तीर्थ नळीत गेलं. दिव्यावर धरताच नळी दह्यासारखी गच्च पांढरी झाली.

"देखो! प्रोस्टेट पुन्हा भडकला!"

"महाराज," ज्योत्स्ना व्यासपीठावर चढली, "ही बाटली माझ्या सासूबाईंची हाय. बाईले प्रोस्टेट असते का?"

बायकांच्या बाजूनं असा हशा उठला की पंख्यांचा आवाज ऐकू येईना. पण महाराज गप्प बसतात थोडीच! "अर्धांगिनी! पती का रोग पत्नी में भी उतरता है!"

आणि काय सांगावं, पुढच्या रांगेतल्या चारदोन माना हलल्याच! ज्योत्स्नाचं डोकंच फिरलं. तिनं कमंडलू उचलला, नुसतं तीर्थ दुसऱ्या नळीत ओतलं आणि दिव्यावर धरलं. तेही पांढरं झालं.

"आता हा कॅन्सर कोणाचा? कमंडलूचा?"

वासही सुटला. पहिल्या रांगेत तुळशीची माळ घातलेले रूपराव बसले होते. त्यांनी महाराजांच्या पाया पडून रोज एक चमचा तीर्थ प्यायला मागून घेतलं होतं. त्यांनी नाक फुगवलं. "अबे, हा त उकडल्या अंड्याचा वास!" एवढं बोलून ते तोंडावर पंचा धरून बाहेर पळाले.

"अंड्यातलं पांढरं पाण्यात फेटून गाळलं हाय," ज्योत्स्नानं सभेला सांगितलं. "तेही प्रोटीनच. तापलं की गोठते. पहिल्या रविवारी जास्त टाकायचं, मंग कमी कमी करत न्यायचं, की झाला पेशंट बरा. तुमच्या आजाराले इथं कोणी हातही लावला नाई!"

चेल्यांनी माइक बंद केला आणि महाराज स्वयंपाकघराच्या दारानं पसार झाले. जादूटोणाविरोधी कायद्याखाली तक्रार झाली. पोलिसांना तिथं अंड्यांचे ट्रे सापडले.

सगळे हसत होते, पण मधुकरराव हसले नाहीत. दुसऱ्याच दिवशी ते बायको आणि सुनेसोबत वर्ध्याला गेले. नव्या तपासण्यांचे कागद आले, तेव्हा हर्षाताईंनी ते त्यांच्या पुढ्यात ठेवून सांगितलं.

"तेव्हा गाठ आत होती. आता कमरेच्या हाडात उतरलीय. आता ऑपरेशन करून ती मुळापासून काढता येणार नाही. हार्मोन रोखणारी इंजेक्शनं देऊ, म्हणजे वाढीचा हुकूम थांबेल. काही वर्षं चांगली जातील."

"आन् तवाच आलो असतो तर?"

"बरे होण्याची चांगली आशा होती."

मधुकररावांनी मान खाली घातली. मंदाबाईंनी भर दवाखान्यात त्यांचा हात धरला.

पुढं एकदा दुकानात त्यांचे जुने मित्र पुंडलिकराव हळूच सांगू लागले, की नागपुराकडं कोणी नवे बाबा आलेत, नुसत्या फुंकरीनं मूतखडा पाडतात, स्वतः पाहिलं. मधुकरराव ताडकन म्हणाले, "मीबी पाह्यलं होतं, पुंडलिक! नळीत काय टाकून राह्यला, हे मात्र इचारलं नाई. शिकेल सून घरात असून अंड्याच्या पाण्याले हात जोडत बसलो. तुले तरास असन त उद्या वर्ध्याले चाल, मी संग येतो."

एवढंच सांगायचं आहे, लोकहो. कोणी चमत्कार दाखवला तर टाळ्या वाजवण्याआधी भांड्यात काय होतं ते विचारा. बाबाला राग आला तर येऊ द्या. अंगातली गाठ आपलं डोकं ठिकाणावर येईपर्यंत थांबत नाही.