फुंकरीची लाट

तूरानखानुमचा डॉक्टरांवर विश्वास होता, पण इस्फंदच्या दाण्यांवर जरा जास्तच. रोज संध्याकाळी ते दाणे निखाऱ्यावर तडतडवायचे आणि धुराची वाटी लेकीच्या डोक्याभोवती फिरवून दृष्ट काढायची, हा त्यांचा बावीस वर्षांचा नेम. गुलनूश खोकायची, डोळे चोळचोळ चोळायची. "पाणी आलं ना? मग दृष्ट लागलीच होती!" असं त्या ठासून सांगायच्या. अख्ख्या यझ्द शहरात त्यांच्याशी वाद घालायची कुणाची छाती नव्हती.

आता गुलनूशला लेझरने चष्मा घालवायचा होता. तारीख ठरली होती, मावश्यांनी मिठाईसुद्धा मागवून ठेवली होती. आणि ऐन वेळी डॉक्टर फरुहींनी मोडता घातला.

"बुबुळावरच्या पडद्याचा आकार ठीक दिसतोय. पण लेझरने तो आणखी पातळ होणार. आधी तो किती चिवट आहे ते बघू."

"डोळा म्हणजे काय खरबूज आहे, दाबून बघायला?"

"दाबायचं नाही, खानुम. फुंकर मारायची."

"मामान, गप्प बस ना!" गुलनूशने यंत्रावर हनुवटी टेकवली. फुस्स आवाज झाला, ती दचकली, आणि संपलंसुद्धा. पापणी लवायच्या आत कॅमेऱ्याने शंभरावर चित्रं टिपली होती.

"आता तुम्ही या. दोघींची चित्रं ताडून दाखवते."

"मला काय धाड भरलीय?" म्हणत तूरानखानुम बसल्या.

मग डॉक्टरांनी आधी त्यांच्याच डोळ्याचं चित्र सावकाश चालवलं. अंधारात एक उजळ कमान. तिच्यावर फुंकर आली. कमान सपाट झाली, आत वाकली, क्षणभर थांबली आणि थरथरत पुन्हा उभी राहिली. तूरानखानुमच्या अंगावर काटा आला. सत्तावन्न वर्षं हा डोळा वापरला, त्याला एवढं वाकता येतं आणि एवढं सावरता येतं हे त्यांना ठाऊकच नव्हतं.

"सुब्हानल्लाह," त्या पुटपुटल्या. "पुन्हा दाखवा."

डॉक्टरांनी पुन्हा दाखवलं. मग गुलनूशची कमान आली. ती लवकर वाकली, जास्त खोल गेली, आणि लाट विरायला वेळ लागला.

तूरानखानुमचा जन्म गालिचे रफू करण्यात गेला होता. वरची नक्षी शाबूत असली तरी गालिचा उलटा दुमडून ताण्याचे उभे धागे तपासल्याशिवाय त्या काम हातात घेत नसत. त्यांना कुणी समजवावं लागलं नाही.

"ताणा ढिला आहे," त्या म्हणाल्या.

"अगदी तसंच. लेझर केलं असतं तर पडदा फुगत गेला असता, नजर गेली असती." डॉक्टर गुलनूशकडे वळल्या. "डोळे फार चोळतेस का?"

गुलनूशने आईकडे पाहिलं. "यझ्दची धूळ," ती हळूच म्हणाली.

"धूळ नाही." तूरानखानुम म्हणाल्या. "धूर. माझा धूर."

"फक्त त्यानेच नाही, खानुम. जन्मजातही असतं. वेळेत कळलंय. थेंब घालून वर खास प्रकाश सोडू, धागे घट्ट होतील. पण चोळणं आजपासून बंद."

त्या संध्याकाळी निखारे पेटलेच नाहीत. तूरानखानुमनी मूठभर कोरे दाणे घेतले आणि लेकीच्या डोक्याभोवती फिरवू लागल्या.

"मामान, तडतडल्याशिवाय दृष्ट कशी जाईल?" गुलनूश हसली आणि सवयीने तिचा हात डोळ्याकडे गेला.

तूरानखानुमनी तो वरच्या वर पकडला. दाणे सतरंजीवर सांडले. त्यांनी ते वेचले नाहीत, की हातही सोडला नाही.