दुसरं टोक

आमच्या दवाखान्याच्या धोबीखान्यात मोठ्या चादरींची घडी जोडीनं घालतात. दोन कोपरे एकाच्या हातात, दोन समोरच्याच्या. एक झटका, मग कोपऱ्याला कोपरा. मावशी आणि कप्तान अकरा वर्षं असेच समोरासमोर उभे आहेत. मावशींची साठी उलटलीय. कप्तान त्यांच्याहून थोरला आणि चणीनं बुटका. पूर्वी बोटीवर स्वयंपाकी होता. कुठल्या लांबच्या मुलखातला आहे कोण जाणे, आपली भाषा मोडकीतोडकी बोलतो. पण चादरीपुढे बोलावं लागतंच कुठे!

बाळंतपणाची रजा संपवून मी परत आले, ती मोजणीच्या वहीवर. दुसऱ्याच दिवशी मावशींनी मला कपाटामागे ओढलं.

"कुणाला बोलू नकोस गं. माझा उजवा खांदा वर जात नाही. वेणीसुद्धा सून घालते."

"मग साहेबांना सांगा ना."

"सांगते की! लगेच म्हणतील, आराम करा. घरी बसून काय भिंतीशी गप्पा मारू?"

आणि नेमकं त्याच आठवड्यात नव्या साहेबांनी जाहीर केलं, की सोमवारपासून प्रत्येकाला वेगळं टेबल. ज्याची त्यानं घडी घालायची. ज्याला झेपणार नाही, त्याचा विचार करावा लागेल.

"अहो, तुम्ही जन्मलात तेव्हा तुम्हाला गुंडाळलेलं दुपटंही माझ्याच हातचं असेल!" मावशी म्हणाल्या. सगळे हसले. त्या हसल्या नाहीत.

सोमवारी मी वही घेऊन उभी होते. एकट्यानं घडी घालायची तर चादर डोक्यावर उंच धरावी लागते. मावशींची पहिली चादर फरशीला टेकली. टेकलेली चादर परत धुवायला जाते. दुसरीही टेकली. साहेब दारातून पाहत होते. माझा हात वहीवरच थबकला.

तेवढ्यात शेजारच्या टेबलाशी कुणीतरी खिदळलं. कप्तान चादरीचे दोन कोपरे हवेत पुढे करून वाट बघत उभा होता. समोर कुणीच नाही, हे त्याच्या गावीच नव्हतं.

"कप्तान, समोर भूत आहे का?"

तो दचकला, पण हात खाली घेतले नाहीत. "माझी बाई कुठे?"

सगळा धोबीखाना हसत सुटला. मावशींचा चेहरा लालबुंद.

"मेल्या, नीट बोलायला शीक आधी!" म्हणत त्या गेल्या आणि दुसरं टोक धरलं.

मग चादरीवर चादर, चादरीवर चादर. मी मोजायचंच विसरले. साहेब जवळ आले.

"ही चळत कुणाची?"

"त्याची," मावशी म्हणाल्या.

"हिची," कप्तान म्हणाला.

साहेबांनी चळतीच्या कडेवरून बोट फिरवलं. एकही घडी पुढेमागे नव्हती. मग त्यांनी आजूबाजूच्या टेबलांवरच्या चुरगळलेल्या घड्या पाहिल्या.

"टेबलं जोडून घ्या," ते मला म्हणाले. "मोठ्या चादरी पूर्वीसारख्याच. आणि या दोघांची नावं एका ओळीत लिहा."

ते गेल्यावर पुढच्या चादरीचं टोक धरता धरता मावशी माझ्या कानाशी लागल्या. "खांद्याचं कुणाला कळलं नाही, सुटले बाई."

"सहा महिने," समोरून कप्तान म्हणाला. "बाई हात खाली. मी पाय वर."

मी खाली पाहिलं. तो चवड्यांवर उभा होता, झटका एकट्यानं देता यावा म्हणून.

मावशी थांबल्या. "मग बोलायला काय झालं होतं?"

त्यानं शब्द शोधला. "बोललो, तर बाई टोक सोडणार. चादर पडणार."

मावशींचे दोन्ही हात गुंतलेले. त्यांनी मान खाली घालून चादरीलाच डोळे पुसले आणि ती माझ्याकडे फेकली.

"ही परत धुवायला टाक गं."