मातीचं मांस

बस डेपोमागच्या बंद गोदामात त्या दिवशी पाय ठेवायला जागा नव्हती. पुढे चाकाच्या खुर्च्या, मग कडेवर पोरं घेतलेल्या बाया, मग गंमत बघायला आलेले रिकामटेकडे. मधोमध टेबलावर काचेची मोठी टाकी, घरात मासे पाळतात तसली. टाकीमागे महाराज. पांढरा झगा, स्वच्छ धुतलेले तळहात आणि आवाज असा मुलायम, की हा माणूस विमा विकायचं सोडून इथे काय करतोय असा प्रश्न पडावा.

"हे काय आहे?" ओल्या फडक्यातला करडा गोळा वर धरून त्यांनी विचारलं.

"माती!" गोदाम एका सुरात ओरडलं.

"माती. डोंगराच्या पोटातली. आता हिच्यातला मळ काढू या."

डोळे मिटून ते पुटपुटायला लागले आणि गोळा पाण्यात चुरायला लागले. पाणी गढूळ झालं, मग दुधासारखं पांढरं. "मळ बघा, मळ!" म्हणत बायांनी हात जोडले. सेविका बादलीने पाणी बदलत होती. शेवटी महाराजांच्या हातात एक चिवट लोळा उरला. ताणला की लांब होई, फाडला की आत धागे दिसत. तो त्यांनी शेगडीवरच्या पातेल्यात, काळपट लाल पाण्यात सोडला. पाण्याला उकळी फुटली तसा मटण शिजल्याचा वास गोदामभर पसरला. खरं सांगतो, माझ्याही तोंडाला पाणी सुटलं, आणि त्या क्षणी मला स्वतःची किळस आली.

"ना शेतातलं, ना गोठ्यातलं!" महाराज म्हणाले. "ज्याच्यासाठी कुणाचा गळा कापला नाही असं मांस! अशक्तपणा, कावीळ, हाडांची दुखणी, सगळ्यावर हेच." मूळव्याध राहून गेली होती, तिची सेविकेने कानाशी लागून आठवण करून दिली.

माझ्या शेजारी ताई उभी होती. ती टाकीकडे बघत नव्हती, महाराजांच्या हातांकडे बघत होती.

ताई माझी थोरली बहीण. कपड्यांच्या कारखान्यात ती शिलाई मशीन चालवते. तिला एकच मुलगी. अंगाने इवलीशी, म्हणून सगळे तिला मुंगी म्हणायचे. मुंगीला गहू चालत नसे. चालत नसे म्हणजे नाक मुरडण्यापुरतं नाही. गव्हाचा कण पोटात गेला की तिच्या आतड्यांचं अस्तर झिजायचं आणि खाल्लेलं अंगी लागायचं नाही. डॉक्टरांनी हे सांगितलं त्याच संध्याकाळी ताईने घर उपसलं. पिठाचे डबे गेले, चाळणी गेली, टोस्टर शेजारणीला दिला. लाकडी पोळपाटाच्या चिरांत पीठ अडकून राहतं म्हणून तोही फेकला. भाऊजींना पावाशिवाय जमत नसे, तर ते जिन्यात बसून खायचे आणि हात, तोंड, मिशा धुऊन मगच आत यायचे. शाळेत कुणाचा वाढदिवस असला की ताई मुंगीच्या खिशात तांदळाच्या पिठाची बिस्किटं घालून पाठवायची.

पोर सावरली, पण भरेना. डॉक्टर म्हणाले, अंडी द्या, मांस द्या, डाळी वाढवा. डाळींनी तिचं पोट दुखायचं. अंड्याचा वास तिला सोसायचा नाही. आणि खाटकाच्या दुकानात पिंजऱ्यातल्या कोंबडीने तिच्याकडे मान वाकडी करून पाहिलं, तेव्हापासून मांस म्हटलं की रडायची. असं होतं, तेव्हा कारखान्यातली एक बाई ताईला या गोदामात घेऊन आली.

ताई भोळी नव्हती. तिने सरळ विचारलं, "महाराज, यात गहू नाही ना? माझ्या मुलीला गहू विष आहे."

"बाई, मातीत कुठला गहू?" ते हसले. गोदामही हसलं.

मुंगीने पहिला घास खाल्ला आणि आणखी मागितलं. ताईने मला लगेच फोन केला. मी परगावी प्रशिक्षणाला गेलो होतो. फोनवर ती आनंदाने रडत होती. "अरे, मटणासारखं काहीतरी मिळालंय, प्राणी न मारता केलेलं. पोर ताट चाटून पुसून खाते रे!" हल्ली वनस्पतींपासून असलं बनवतात हे मला ठाऊक होतं. महाराजांचा विषय तिने काढला नाही. मी ओरडेन ही भीती तिला लहानपणापासूनची.

मग जुलाब सुरू झाले. महाराजांनी सांगितलं, "मळ बाहेर पडतोय. वाढवा." ताईने वाढवलं.

मी परतलो तेव्हा मुंगी रुग्णालयात होती. हाताला सलाइन, पोट फुगलेलं, पाय काड्यांसारखे. डॉक्टरीणबाई चिडल्या होत्या. रक्ताची तपासणी ओरडून सांगत होती की ही मुलगी गहू खाते आहे, आणि भरपूर खाते आहे. ताई शपथेवर सांगत होती की घरात गव्हाचा कण नाही. दोघी खरं बोलत होत्या.

ताई औषध आणायला खाली गेली तेव्हा मुंगीने मला खुणेने जवळ बोलावलं.

"मामा, तुला एक सांगू? आईला सांगायचं नाही."

"नाही सांगत."

"ते मांस आहे ना महाराजांचं, ते आतून पावासारखं लागतं. खूप चावलं ना, की पावासारखं." मग घाईने म्हणाली, "आईला कळलं तर बंद करेल."

मी शाळेत विज्ञान शिकवतो. पीठ पाण्याखाली चोळलं की स्टार्च वाहून जातं आणि गव्हातली चिवट प्रथिनं हातात राहतात, हे मी दरवर्षी मुलांना करून दाखवतो. तेवढ्या एका वाक्याने मला सगळं कळलं. ज्या अंशाने मुंगीची आतडी झिजत होती, नेमका तोच अंश वेगळा काढून, घट्ट करून, तिला औषध म्हणून वाढला जात होता.

मी धावत जाऊन डॉक्टरीणबाईंना गाठलं. त्यांनी हातातलं पेन खाली ठेवलं. जे करायचं ते सगळं त्यांनी केलं, पण पोरीच्या अंगात झुंजायला काही शिल्लकच नव्हतं. रक्तातले क्षार घसरले आणि हृदय थांबलं. मुंगी गेली.

म्हणून त्या दिवशी आम्ही गोदामात आलो होतो.

सेविका पांढरं पाणी ओतायला निघाली तेव्हा मी पुढे होऊन त्यातलं पेलाभर घेतलं आणि खिशातली आयोडिनची बाटली काढली. चार थेंब टाकले. पाणी शाईसारखं निळंकाळं झालं.

"विष! याने विष टाकलं!" महाराज ओरडले.

तेच थेंब मी साध्या पाण्यात टाकले. ते नुसतं पिवळसर झालं. कुणाच्या तरी डब्यातला पाव घेऊन त्यावर टाकले, पाव निळाकाळा झाला. "जिथे पीठ, तिथे हा रंग," मी म्हणालो. "डोंगराच्या पोटात पीठ सापडत नाही."

"मंत्राची शक्ती तुला काय कळणार, मास्तर?"

तेव्हा ताई पुढे झाली. तिने पिशवीतून गव्हाचं पीठ काढलं. कित्येक महिन्यांत तिने पिठाला हात लावला नव्हता. एक शब्द न बोलता तिने ते मळलं, घट्ट गोळा केला आणि टाकीत धरून चोळायला लागली. पाणी पांढरं झालं. तिने पाणी बदललं, पुन्हा चोळलं. तिच्या गालांवरून पाणी ओघळत होतं आणि ते पुसायला हात मोकळे नव्हते. अखेर तिच्या मुठीत तोच लोळा उरला, तसाच चिवट, तसेच धागे.

"मी मंत्र म्हटला नाही," ती म्हणाली. "मी तुम्हाला गव्हाचं विचारलं होतं. आठवतं?"

महाराजांना आठवत असावं, कारण ते मागच्या दाराकडे सरकले. तिथे भाऊजी उभे होते. त्यांनी बोटही लावलं नाही. पोलीस येईपर्यंत ते फक्त दार अडवून राहिले.

पातेल्याजवळच्या डब्यांत वाळवलेल्या अळिंबीची पूड आणि बीटाचा रस निघाला. मटणाचा वास त्या अळिंबीचा, रक्ताचा रंग त्या बीटाचा. मी लोकांना सांगितलं, हा पदार्थ वाईट नाही. जगात कितीतरी लोक तो जाणूनबुजून, आवडीने खातात. ज्यांना प्राणी मारणं नको वाटतं त्यांनी जरूर खावा. पण ज्याच्यात काय आहे हे सांगितलं जात नाही, ते तोंडात घालू नका. आणि विचारल्यावर जो हसतो, त्याच्यापुढून उठून चालू लागा. ऐकणारे काही होते. काहीजण मात्र अजून पातेल्याकडेच बघत होते.

गर्दी पांगली तरी एक बाई जागची हलली नव्हती. कडेवरचं मूल मान टाकून पडलेलं, हातात महाराजांचा डबा.

"ताई," ती म्हणाली, "मग याला आता काय देऊ? हा दुसरं काही खातच नाही हो."

ताईने साडीच्या पदराला हात पुसले आणि त्या मुलाच्या पोटावरून हळूच फिरवले.

"डॉक्टरांना दाखवलंस?"

"महाराज म्हणाले, थांब."

"थांबू नकोस. आत्ता चल, मी येते तुझ्याबरोबर." तिने बाईच्या हातातला डबा काढून घेतला. "हा डबा त्यांना उघडून दाखवायचा. तिथे विचारतील, मूल काय काय खातं. त्यांना मांस म्हणून सांगू नकोस, बाई. मी शेवटपर्यंत मांसच सांगत राहिले."