विहिरीपासूनची रेघ

बजरंगदादाचा फोन आला तेव्हाच द्वारकेच्या मनात पाल चुकचुकली. हडपसरच्या पलीकडे वडिलांची उरलेली जमीन रस्ता रुंद झाल्यापासून तिकोनी तुकडा होऊन पडली होती, आणि दादा म्हणत होता, "ये, अर्धी तुझी." आता तुम्हीच सांगा, आसपासचे भाऊ बहिणींना साडी-चोळी करून हक्कसोडपत्रावर सह्या घेत असताना हा एकटाच धर्मराज कुठून उपटला? लग्न होऊन खडकीला गेल्यापासून द्वारका चांगलीच शहाणी झाली होती. फुकट मिळालेल्या गोष्टीचा ती आधी वास घ्यायची.

रविवारी ती नववीतल्या कल्याणीला घेऊन गेली. पिशवीत मोजायची टेपही होती. दादाने चुन्याची फक्की टाकून ठेवली होती. मागच्या कोपऱ्यात विहीर, तिच्यापलीकडे दादाचं घर, समोर रस्ता, आणि विहिरीपासून निघालेली पांढरी रेघ रस्त्याच्या बरोबर मध्यावर येऊन थांबलेली. डावा वाटा भरलेला दिसत होता, उजवा लांबुडका, एका अंगाला कलंडलेला.

"घरची रीत हाय," दादा म्हणाला. "थोरल्यानं वाटं पाडायचं, धाकट्यानं आधी उचलायचा. उचल."

भरलेला दिसतो, म्हणजे तोच फसवा असणार, असं द्वारकेने मनाशी धरलं. तिने भावाच्या देखत टेप काढली आणि लेकीला मापायला लावलं. दादा विहिरीच्या काठावर जाऊन बसला.

"आई, दोन्ही सारखेच आहेत," कल्याणी म्हणाली. "उजवा विशालकोन त्रिकोण आहे, म्हणून बारीक वाटतो. डाव्याचे तिन्ही कोन लघुकोन. पण रस्त्यावरचा पाया दोघांचा सारखा आणि विहिरीपासूनची उंची एकच. क्षेत्रफळ सेम येणार."

"सारखेच आहेत, तर मला आधी उचलायला का लावतोय?" द्वारका कुजबुजली. संशयाला औषध नाही म्हणतात, ते उगाच नाही. मग ती मोठ्याने म्हणाली, "दादा, तूच उचल आधी."

त्या घरात असं आजवर कुणी म्हटलं नव्हतं. दादाने हाताचा चुना पॅन्टला पुसला. "बारका माझा," एवढंच तो बोलला.

बारकाच का? तिला पुन्हा शंका आली. "आणि रेघ विहिरीपासूनच का? दुसऱ्या कोपऱ्यातून का नाही?" तिने लेकीला विचारलं, पण दादाला ऐकू जाईल असं.

कल्याणीने काटकीने मातीत त्रिकोण काढला. "कुठल्याही कोपऱ्यातून मध्यगा काढली तरी अर्धे-अर्धेच होतात. पण या कोपऱ्यातून काढली, की एकाला सगळा रस्ता आणि दुसऱ्याला नुसती विहीर. त्या कोपऱ्यातूनही तेच. विहिरीपासून काढली तरच दोघांना रस्ता मिळतो, दोघांना पाणीही मिळतं. मामाने बरोबर तीच धरली."

द्वारका त्या मातीतल्या रेघांकडे बघत राहिली. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिने टेप गुंडाळून पिशवीत टाकली. इतक्या वर्षांत ती या घरी आली की चपला काढून थेट चुलीपाशी जायची, विचारायची पद्धतच नव्हती. आज ती विहिरीजवळ गेली आणि हळूच म्हणाली, "दादा, जेवायला थांबू का?"

दादा उठला आणि घराकडे चालू लागला.

"थांबा की," तो मागे न बघता म्हणाला. "पाव्हण्याला कुणी न्हाई म्हनतंय व्हय."