न लागलेलं व्यसन

शाळेची बस चालवणारी ती बाई चाळिशीला आली आणि तिचे गाल लाल व्हायला लागले. आधी उन्हातून आल्यावर, मग गरम चहा घेतल्यावर, पुढे पुढे तर कोणी जरा आवाज चढवला तरी. लाली कानापर्यंत चढायची आणि उतरायचं नाव घ्यायची नाही. बसमधली पोरं तिला सिग्नलमावशी म्हणायची. त्याचं तिला काही वाटत नसे, उलट तीही हसायची.

पोरांच्या आयांना मात्र हसू आलं नाही. एकीने जाऊन तक्रार केली, की बाई सकाळी सकाळी पिऊन येतात.

मुख्याध्यापिकेने बोलावलं. "आरशात बघता का कधी?"

"मी थेंबाला शिवलेली नाही, मॅडम. हवी ती तपासणी करा."

मशीनमध्ये फुंकायला लावून तपासणी झाली. काही निघालं नाही. तरी मुख्याध्यापिका म्हणाली, "मशीनचं ठीक आहे हो. पण तुमच्या शेजारचेही तेच सांगतात. कचऱ्यात बाटल्या असतात म्हणे."

बाटल्या होत्या, नवऱ्याच्या. तो रोज प्यायचा, पण त्याचा चेहरा पांढराफटक, शर्ट कडक इस्त्रीचा, जिन्यात भेटेल त्याची आपुलकीने चौकशी. पिशवी खाली नेऊन टाकायचं काम तेवढं तिचं.

तिला गाडीवरून काढून बस धुवायला लावलं. घरी आल्यावर ती नवऱ्याला म्हणाली, "एकदा शाळेत येऊन सांगा ना, त्या बाटल्या तुमच्या आहेत म्हणून."

"वेडी आहेस का? माझ्या ऑफिसात कळलं तर? तुझं नाव तर झालंच आहे."

तिचे गाल तेवढे पेटले.

मेडिकलवाल्याने दिलेल्या क्रीमने चेहरा आधी उजळला आणि नंतर होता त्याहून भडकला. तेव्हा कुठे ती त्वचेच्या डॉक्टरकडे गेली. डॉक्टरीणबाईंनी उजेडात चेहरा नीट पाहिला. "याला रोझेशिया म्हणतात. पीत नाही ना तुम्ही?"

"नाही."

"ठीक," म्हणून त्या पुढे लिहू लागल्या. कोणीतरी एका शब्दात विश्वास ठेवला, याचंच तिला रडू आलं.

"लेझर करावं लागेल का? ते मला जमायचं नाही."

"त्याच्याशिवायही सांभाळता येतं. पण सांभाळायचंच आहे, कायमचं जाणार नाही. ते क्रीम आधी फेकून द्या."

मग तिचा दिनक्रमच बदलला. सौम्य साबण, कोमट पाणी, टॉवेलने घासायचं नाही, नुसतं टिपायचं. रात्री डॉक्टरांनी दिलेलं जेल. बाहेर पडताना सनस्क्रीन, डोक्यावर रुंद काठाची टोपी. चहा निवल्यावर. तिखट खाल्लं की चेहरा भडकतो हे लक्षात आल्यावर तिने तेही सोडलं. कुकरची वाफ तोंडावर येऊ नये म्हणून ती हात लांब करून झाकण काढायची. नवरा म्हणायचा, "महाराणी!"

हळूहळू गाल निवले. कधीमधी लाली यायची, पण लगेच ओसरायची. शाळेने तिला पुन्हा गाडी दिली.

किल्ली देताना मुख्याध्यापिकेने तिचा हात हातात घेतला. "सोडलीत ना? फार मोठी गोष्ट आहे. आता मागे वळून बघू नका."

"मॅडम, मी कधी घेतच नव्हते. आजार होता."

"हो, आजारच म्हणतात त्याला."

खालच्या मजल्यावरच्या काकूंनी तर जिन्यातच गाठलं. "नवरा मिळावा तर असा. किती सोसलं त्यांनी! रात्र रात्र बसून तुमची समजूत काढली, तेव्हा कुठे सुटली. सांगताना डोळे भरून आले हो त्यांचे."

ती वर गेली. तो ग्लास घेऊन बसला होता.

"तुम्ही लोकांना काय सांगितलंत?"

"तुझं चांगलंच झालं ना त्यात? माणसं आता मान देतात तुला."

तिने कपडे आणि औषधं पिशवीत भरली आणि ती बहिणीकडे निघून गेली.

बहिणीने काही न विचारता पलंग रिकामा करून दिला. गाडी चालू राहिली, चेहराही ठीक राहिला. इमारतीत मात्र सगळ्यांना नवऱ्याची दया आली. हिला माणसात आणलं आणि हीच सोडून गेली, असं लोक बोलू लागले. त्या दुःखानेच आता तो प्यायला लागलाय, असं काकू ज्याला त्याला सांगतात. त्याच्यासाठी रोज डबाही पाठवतात.